सलीमगडची भुते

कोकणातल्या माणसाला भुताची ओळख करून द्यावी लागत नाही. माझ्या लहानपणी आमच्या गावात जेवढी माणसे होती, त्याहून थोडी अधिकच भुते असावीत असे मला वाटावयाचे. आणि ती सगळी एकाच जातीची नव्हती. पिंपळावर मुंजा असे, ओढ्याच्या काठी हडळ असे, पडक्या देवळामागे ब्रह्मसमंध, शिवेवर वेताळ आणि माळावर वाटसरूला रात्रभर फिरवीत ठेवणारा चकवा. खवीस हा तर थेट अरबी नाव घेऊन आमच्याकडे आलेला आणि तरीही पुरता गावकरी झालेला. या प्रत्येकाचे ठिकाण ठरलेले, वेळ ठरलेली, खाणे ठरलेले आणि त्याला आवरण्याचा उपायही ठरलेला. मुख्य म्हणजे प्रत्येकाची काही ना काही इच्छा राहून गेलेली असे. मुंजाची सोडमुंज राहिलेली, हडळीचे बाळंतपण अर्धे राहिलेले, समंधाचा जीव पुरून ठेवलेल्या धनात अडकलेला. आमच्या आजीची एक साधी व्याख्या होती. ज्याचे कोणाकडे तरी काही देणे राहिले, तो भूत होतो. लहानपणी मी ती व्याख्या भीतीने ऐकत असे. पुढे दिल्लीत बरीच वर्षे काढल्यावर तिचा खरा अर्थ मला थोडाफार कळू लागला.

दिल्लीची भुते आमच्या भुतांहून वेगळी आहेत. ती पिंपळावर राहत नाहीत, इतिहासात राहतात. आमच्या गावचा मुंजा कोण कुठला हे कोणाला ठाऊक नसे. दिल्लीच्या भुताला मात्र नाव, गाव, वंश आणि बहुधा सनावळीही असते. खूनी दरवाजापाशी रात्री कोण फिरते असे विचारले, तर रिक्षावाला सांगतो की बहादूरशहाचे शाहजादे. आणि ते खोटे म्हणता येत नाही; निदान त्यांचे मरण तरी खोटे नाही. २२ सप्टेंबर १८५७ रोजी हॉडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने शरण आलेले दोन शाहजादे आणि बादशहाचा एक नातू यांना त्या दरवाजापाशी स्वतःच्या हाताने गोळ्या घातल्या.

आज मला सांगावयाचे आहे ते मात्र सलीमगडाविषयी. लाल किल्ला पाहावयास जाणारी मराठी मंडळी दिवाण-ए-आम पाहतात, दिवाण-ए-खास पाहतात, भाऊसाहेबांनी १७६० साली ज्याची चांदी उतरवून फौजेचा पगार भागविला ते छत येथेच होते हे आठवून थोडी हळहळतात, थोडी सुखावतात आणि परततात. लाल किल्ल्याच्या उत्तरेला, पुलापलीकडे, आणखी एक किल्ला आहे हे पुष्कळांच्या गावीही नसते. तोच हा सलीमगड. शेरशहा सूराचा मुलगा इस्लामशहा, ज्याला सलीमशहा असेही म्हणत, त्याने १५४६ साली यमुनेतील एका बेटावर तो बांधावयास घेतला. म्हणजे लाल किल्ल्याहून तो सुमारे शंभर वर्षांनी वडील. त्याच्या भिंती ओबडधोबड दगडांच्या, जाड आणि गोल बुरुजांच्या आहेत. त्यांत शहाजहानच्या महालांचा नाजूकपणा नावालाही नाही. पुढे यमुना दूर सरली, बेटाचे बेटपण गेले आणि लाल किल्ल्यासारखे वैभवशाली घर शेजारी उभे राहिल्यावर या जुन्या किल्ल्याकडे घरातील अडगळीच्या खोलीचे काम आले. राजघराण्यातील नकोशी झालेली माणसे तेथे ठेवण्यात येऊ लागली.

१६५८ साली औरंगजेबाने आपला भाऊ मुराद याला दग्याने पकडले आणि प्रथम येथेच आणून ठेवले. पुढे त्याला ग्वाल्हेरला नेले आणि तेथे तीन वर्षांनी त्याचा वध झाला. त्यानंतरची नामांकित कैदी म्हणजे औरंगजेबाचीच थोरली मुलगी, झेबुन्निसा. आणि शेवटचे कैदी म्हणजे १९४५ साली ब्रह्मदेश-मलायातून पकडून आणलेले आझाद हिंद सेनेचे सैनिक. बापाने मुलीसाठी वापरलेला तुरुंग अडीचशे वर्षांनी परक्या सरकारलाही सोयीचा वाटला. त्या तुरुंगाचेच १९९५ साली स्वातंत्र्यसेनानी स्मारक झाले.

सलीमगडची भुते दोन प्रकारची सांगतात, आणि ती अर्थातच या दोन प्रकारच्या कैद्यांची आहेत. पहिली गोष्ट अशी की, चांदण्या रात्री तटावर काळ्या बुरख्यातील एक स्त्री दिसते आणि ती आपलीच कवने गात असते. ती झेबुन्निसा. दुसरी गोष्ट अशी की, रात्री बराकींतून कण्हण्याचा आवाज येतो, जड बुटांची पावले ऐकू येतात आणि साखळदंड वाजतात. ते आझाद हिंद सेनेचे शिपाई.

काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यातील दुपारी मी तेथे गेलो होतो. माझ्या पुढे महाविद्यालयातील चारपाच मुलांचा एक घोळका होता. स्मारकाच्या दालनात ती मुले क्षणभर शिरली आणि बाहेर आली. मग त्यांतील एकाने पहारेकऱ्याला विचारले, "चाचा, भूतवाली कोठरी कौनसी है?" पहारेकऱ्याला हा प्रश्न रोजचाच असावा. त्याने हसून हाताने एका अंधाऱ्या कमानीकडे दाखविले. मुले तिकडे धावली, आत डोकावली, एकमेकांना घाबरविले, छायाचित्रे काढली आणि आनंदात निघून गेली. मी दालनात परत गेलो. तेथे काचेमागे कर्नल प्रेमकुमार सेहगल यांचा गणवेश होता. कर्नल गुरुबक्षसिंग धिल्लन यांचे घोडेस्वारीचे बूट आणि कोटाची बटणे होती. मुलांनी ज्या बुटांचा आवाज ऐकावयाचा प्रयत्न केला, ते बूट तेथे समोरच ठेवलेले होते. त्यांच्याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नव्हते.

मुलांना दोष द्यावा असे मला मुळीच वाटत नाही. त्यांच्या वयात मीही त्या कमानीकडेच धावलो असतो. पण त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात राहिला आहे. भुताची गोष्ट जुन्या जागेची आठवण जागी ठेवते, की तिची जागा स्वतःच घेऊन बसते?

प्रथम झेबुन्निसेकडे पाहू. कारण ती आपल्याला वाटते त्यापेक्षा आपल्या जवळची आहे. तिचा जन्म १६३८ सालच्या फेब्रुवारीत झाला तो दौलताबादेस, म्हणजे आपल्या देवगिरीच्या पायथ्याशी. तिची आई दिलरसबानू. तिची कबर म्हणजेच छत्रपती संभाजीनगर येथील, एके काळच्या औरंगाबादेतील, बीबी का मकबरा. मुलगी बुद्धिमान होती, तिने कुराण मुखोद्गत केले होते, पुस्तकांचा मोठा संग्रह केला होता, पंडितांना आश्रय दिला होता, आणि बापाचे तिच्यावर प्रेम होते. 'मख्फी' म्हणजे गुप्त, या नावाने ती कविता लिहीत असे असे म्हणतात. त्या नावाने प्रसिद्ध असलेला दिवाण तिचाच की नाही याविषयी मात्र विद्वानांत शंका आहे.

ती कैदेत का पडली? लोककथा सांगते की प्रेमामुळे. दिल्लीचा सुभेदार आकिलखान याच्याशी तिचे नाव जोडून अनेक कथा रचण्यात आल्या. इतिहासकार यदुनाथ सरकार यांनी त्या तपासून पाहिल्या आणि त्यांत तथ्य नाही असे दाखवून दिले. खरे कारण प्रेमकथेहून साधे आणि माझ्या मते अधिक हृदयस्पर्शी आहे. १६८१ च्या जानेवारीत औरंगजेबाचा मुलगा अकबर याने राजपुतान्यात बापाविरुद्ध बंड केले. बंड फसले. अकबराची छावणी बादशहाच्या हाती पडली तेव्हा तिच्यात काही पत्रे सापडली, आणि ती त्याच्या थोरल्या बहिणीची होती. अकबर महिन्याचे बाळ असताना त्यांची आई गेली होती. या बहिणीने त्याच्यावर विशेष माया केली होती. त्या पत्रांबद्दल तिची सालीना चार लाखांची नेमणूक बंद झाली, मालमत्ता जप्त झाली आणि तिची रवानगी सलीमगडात झाली.

आता पुढचा भाग आपल्या इतिहासाचा आहे. पळालेला अकबर दुर्गादास राठोडाच्या सोबतीने दक्षिणेत उतरला तो थेट संभाजी महाराजांच्या आश्रयाला. सुधागडाच्या परिसरात, पालीजवळ, त्याच्या राहण्याची व्यवस्था झाली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात महाराजांनी त्याची भेट घेतली. मुलाच्या पाठलागासाठी आणि मराठ्यांच्या बंदोबस्तासाठी बादशहा दक्षिणेत आला, आणि आला तो कायमचाच. दिल्ली तर त्याने १६७९ सालीच सोडली होती. ती त्याला पुन्हा दिसली नाही. अकबर १६८७ साली समुद्रमार्गे इराणला निघून गेला आणि तिकडेच मेला. बहीण यमुनेकाठच्या तटाआड एकवीस वर्षे राहिली. १७०२ सालच्या मे महिन्यात ती वारली, त्या वेळी तिचा बाप आमच्या सह्याद्रीत विशाळगडाला वेढा घालून बसला होता. गड जूनमध्ये हाती आला आणि ऐन पावसाळ्यात, ओढेनाले ओलांडीत, मोगल फौजेचे अतोनात हाल झाले. त्या सुमारास केव्हा तरी दिल्लीची बातमी त्याला कळली असावी. म्हाताऱ्या बादशहाच्या डोळ्यांत पाणी आले, त्याने दानधर्म करण्याचे आणि दिल्लीच्या तीस हजारी बागेत मुलीची कबर बांधण्याचे हुकूम सोडले, असे समकालीन इतिहासात नमूद आहे.

पण त्या कबरीलाही तेथे राहता आले नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी आगगाडीचा रस्ता काढला तेव्हा ती उखडली गेली आणि कबरीचा दगड आग्र्याजवळ सिकंदऱ्याला, थोरल्या अकबराच्या मकबऱ्यात, नेऊन ठेवण्यात आला. आजीची व्याख्या लावून पाहिली, तर या स्त्रीला भूत होण्याचा अधिकार पुरेपूर आहे. तिचे देणे फार जणांकडे राहिले आहे. पण लोकांनी तिला जे भूत दिले आहे ते गाणारे, बुरख्यातील, चांदण्यातील आहे. भावाला पत्र लिहिल्याबद्दल एकवीस वर्षे कोंडलेली, त्रेचाळीस वर्षांची प्रौढ बहीण ही आहे खरी झेबुन्निसा. तिच्यासाठी त्या गोष्टीत जागा नाही. आपण तिला तरुण केले, सुंदर केले, गाणे दिले. तिचे दुःख मात्र काढून घेतले.

आता त्या दुसऱ्या भुतांकडे वळू. साखळदंडांच्या आवाजाविषयी मला एक साधी गोष्ट सांगितली पाहिजे. १८५७ नंतर, १८६० च्या दशकात, यमुनेवर लोखंडी पूल झाला आणि कलकत्त्याहून येणारी आगगाडी दिल्ली शहरात शिरली ती सलीमगडाचे पोट फाडून. तो रूळमार्ग किल्ल्यातून आरपार जातो. रात्रीच्या शांततेत मालगाडी त्या वळणावर मंदावली, की डब्यांना डबे जोडणाऱ्या आकड्यांचा एकामागून एक असा खणखणाट होतो. ज्याला साखळदंड ऐकावयाचे आहेत त्याला ते खुशाल ऐकू यावेत. हा माझा तर्क आहे; कोणी तो मानावा असा आग्रह नाही.

परंतु आवाजाचा उलगडा झाला म्हणून गोष्ट संपत नाही. ते शिपाई खरोखर कोण होते? ५ नोव्हेंबर १९४५ रोजी लाल किल्ल्यात शाहनवाझखान, प्रेमकुमार सेहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला सुरू झाला. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. बचावासाठी भुलाभाई देसाई उभे राहिले. त्यांच्याबरोबर तेजबहादूर सप्रू, कैलासनाथ काटजू, असफअली होते आणि कित्येक वर्षांनी वकिलीचा झगा चढविलेले जवाहरलाल नेहरूही होते. वर्षाच्या शेवटच्या दिवशी तिघांनाही जन्मठेपेची शिक्षा झाली. पण देशभर उसळलेल्या क्षोभापुढे नमून तीनच दिवसांनी सरसेनापती ऑकिन्लेक यांनी ती माफ केली. हे तिघे नावाने सर्वांना ठाऊक झाले. त्यांच्या मागे सलीमगडाच्या आणि इतर ठिकाणच्या बराकींत असलेल्या साध्या शिपायांना मात्र कोणी नावाने ओळखत नव्हते. त्या सेनेत आपलीही माणसे होती. तिच्या अगदी वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी एक, जगन्नाथराव भोसले, हे सावंतवाडीकडचे. पुढे ते नेहरूंच्या मंत्रिमंडळात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले.

या कैद्यांविषयी एक हकीगत सांगतात, ती मला कोणत्याही भुताच्या गोष्टीपेक्षा अधिक थरारक वाटते. गांधीजी लाल किल्ल्यात त्यांना भेटावयास गेले. कैद्यांनी सांगितले की, आम्ही सैन्यात असताना कधी जातधर्म पाहिला नाही. पण येथे सकाळी 'हिंदू चहा' आणि 'मुसलमान चहा' असा वेगवेगळा दिला जातो. मग तुम्ही काय करता, असे गांधीजींनी विचारले. ते म्हणाले की, आम्ही दोन्ही एकत्र ओततो आणि मग वाटून घेतो. ते दिवस पुढच्या दीड-दोन वर्षांत काय होणार आहे याची चाहूल देणारे होते. बाहेर देश दोन भांड्यांत ओतला जात होता. आत, कैदेत, काही माणसे रोज सकाळी दोन भांडी एकत्र करीत होती. सलीमगडात फिरताना ज्याच्या अंगावर काटा यावयाचा त्याच्या अंगावर तो या गोष्टीने यावा.

आणि येथेच माझी खरी तक्रार आहे. या शिपायांना आपण भुते केली. पण त्यांच्यापैकी कितीतरी माणसे त्या दारातून चालत, जिवंत, बाहेर पडली होती. ती आपापल्या गावी गेली. स्वतंत्र भारताच्या सैन्यात त्यांना पुन्हा घेण्यात आले नाही. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाची केंद्र सरकारची योजना १९७२ साली आली आणि तिच्यात आझाद हिंद सेनेच्या सैनिकांचा समावेश झाला, तेव्हा स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे लोटली होती. त्या पंचवीस वर्षांत पंजाबात, हरियाणात, तामिळनाडूत आणि आपल्याकडेही कितीतरी म्हातारे शिपाई शेतावर, दुकानात, पहाऱ्यावर काम करीत जगले. त्या वेळी त्यांच्या दाराशी जाऊन "तुम्ही सलीमगडात होता ना, तेथे काय झाले?" असे विचारणारे थोडेच होते. माणूस जिवंत असतो तेव्हा त्याला बोलते करणे कष्टाचे असते. त्याला निवृत्तिवेतन लागते, औषध लागते, त्याचे म्हणणे कधीकधी आपल्याला गैरसोयीचे असते. भूत मात्र काहीच मागत नाही. ते रात्री बूट वाजविते आणि सकाळी नाहीसे होते.

स्मारकासाठी किल्ल्यातील नेमकी जागा दाखविली ती धिल्लन यांनी. म्हातारपणी, पांढऱ्या केसांनी, ते आपल्याच तुरुंगात परत आले आणि बोट दाखवून म्हणाले की आम्हांला येथे ठेवले होते. सलीमगडाच्या इतिहासात कोणी खरोखर पुन्हा 'प्रकट' झाले असेल तर ते त्या दिवशी, आणि तेही भर दिवसा.

पण एवढे म्हटल्यावर भुतांच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. नाहीतर आजीवर अन्याय होईल. लाल किल्ल्यापासून दक्षिणेला थोड्याच अंतरावर फिरोजशहा कोटला नावाचा चौदाव्या शतकातील पडका किल्ला आहे. दर गुरुवारी तेथे शेकडो माणसे येतात. हिंदू येतात, मुसलमान येतात. ती येतात जिनांना भेटावयास. भिंतींच्या कोनाड्यांत दिवे लावतात, अगरबत्त्या लावतात आणि अर्ज ठेवतात. होय, अर्ज, चक्क कागदावर लिहिलेले. नाव, पत्ता, तक्रार, कधीकधी छायाचित्र. आणि त्याच अर्जाच्या प्रती निरनिराळ्या कोनाड्यांत, जणू एकाच खात्याच्या निरनिराळ्या कचेऱ्यांत. नवरा दारू पितो, भाडेकरू घर सोडत नाही, मुलाला नोकरी नाही. या प्रथेचा अभ्यास केलेल्या आनंद तनेजा यांनी नमूद केले आहे की, तिला बहर आला तो १९७७ च्या सुमारास, म्हणजे आणीबाणीनंतर. शहरातील वस्त्या ज्या काळात उठविल्या गेल्या, त्याच्या लगोलग. जिवंत सरकार ऐकत नाही असे वाटले तेव्हा माणसांनी दुसऱ्या एका सरकाराकडे अर्ज नेला. हे केवळ अडाणीपण म्हणून हसून सोडून देण्याजोगे नाही. ज्यांचे म्हणणे कोठेच नोंदले जात नाही, त्यांची ती नोंदवही आहे.

कोटल्यासमोर रस्ता ओलांडला की मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालय लागते. तेथे पूर्वी दिल्लीचा तुरुंग होता. व्हाइसरॉय हार्डिंजवर १९१२ साली बाँब पडला, त्या खटल्यातील मास्टर अमीरचंद, अवधबिहारी आणि भाई बालमुकुंद यांना मे १९१५ मध्ये दिल्लीत फाशी झाली ती याच तुरुंगात. आज तेथे मुले वैद्यकी शिकतात. त्या तिघांचे भूत दिसते असे मी कधी ऐकले नाही. आणि दुर्दैवाने त्यांची नावेही फारशी ऐकू येत नाहीत. याउलट दिल्ली विधानसभेच्या जुन्या इमारतीतील एक जागा २०२२ साली इंग्रजांचे फाशीघर म्हणून जाहीर झाली. २०२५ साली विधानसभेच्या अध्यक्षांनी १९१२ चा नकाशा दाखवून ती डबे वर पोचविण्याची खोली असल्याचे सांगितले आणि त्यावरून मोठा वाद माजला. खऱ्या फाशीच्या जागेकडे सहसा कोणी फिरकत नाही आणि जेथे फाशी झाली की नाही याचाच वाद आहे तेथे गर्दी होते, असे हे शहर आहे.

२०२३ साली दिल्लीच्या पर्यटन खात्याने भुताटकीच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या पडक्या वास्तूंत संध्याकाळच्या सहली सुरू केल्या. पहिली सहल मालचा महाल नावाच्या तुघलककालीन शिकारखान्यात निघाली. पैसे भरून, वाटाड्याबरोबर, विजेरीच्या उजेडात लोक घाबरावयास गेले. आपल्या पुण्यातही शनिवारवाड्याचे असेच आहे. अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी तेथे खून झाला. पौर्णिमेच्या रात्री "काका, मला वाचवा" अशी हाक ऐकू येते, हे पुण्यात कोणाला ठाऊक नाही? ती हाक मराठी माणसाच्या मनात इतकी रुतली आहे, की तिला मी केवळ भुताटकी म्हणणार नाही. सत्तेसाठी घरातल्या घरात काय घडू शकते याची ती आठवण आहे. पण त्या खुनाचा तपास करून मारेकऱ्यांमागील हात शोधणाऱ्या आणि राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्र्यांचे भूत कोणी पाहिल्याचे ऐकिवात नाही. न्यायाधीशाचे भूत होत नसावे. त्याचे देणे त्याने जागच्या जागी फेडलेले असते.

मग तुरुंगाचे संग्रहालय करावयाचे, तेथे माणसे आणावयाची, तर त्यांना काय सांगावे? याचीही उदाहरणे आपल्याजवळ आहेत. येरवड्याच्या तुरुंगात २०२१ च्या प्रजासत्ताकदिनी सरकारने लोकांना दाखविण्यासाठी सहली सुरू केल्या. ज्या आंब्याखाली १९३२ साली पुणे कराराची बोलणी झाली तो आंबा पाहताना कोणाला भूत आठवत नाही. गांधीजी आणि डॉक्टर आंबेडकर समोरासमोर बसलेले आठवतात. अंदमानात सेल्युलर जेलच्या सात भुजांपैकी आता तीनच उरल्या आहेत. तेथे रात्री जो प्रकाश आणि ध्वनी यांचा कार्यक्रम होतो, त्यात तुरुंगाची कहाणी सांगतो तो आवारातील पिंपळ. हे ऐकून मला फार बरे वाटले. आमच्या गावच्या पिंपळावर मुंजा होता. अंदमानचा पिंपळ साक्षीदार आहे. भूत आणि साक्षीदार यांत अंतर एवढेच, की भूत आपल्याला घाबरविते आणि साक्षीदार आपल्याला विचारतो.

सलीमगडाला असा एक पिंपळ मिळावयास हवा. भुताची गोष्ट त्याने टाकून देऊ नये, असे मी म्हणेन. मुलांना ती खुशाल सांगावी. तिच्यामुळेच तर ती पुलापलीकडे येतात. पण गोष्ट कमानीपाशी संपवू नये. "चाचा, भूतवाली कोठरी कौनसी?" असे मुलांनी विचारले की पहारेकऱ्याने त्यांना आत न्यावे आणि सांगावे की, येथे एक बहीण भावाला पत्र लिहिल्याबद्दल एकवीस वर्षे होती, आणि तिचा तो भाऊ महाराष्ट्रात संभाजी महाराजांच्या आश्रयाला गेला होता, येथे दूर देशातून पकडून आणलेली माणसे होती, आणि त्यांच्यातलीच शेजारच्या लाल किल्ल्यात होती ती रोज सकाळी दोन भांड्यांतला चहा एक करीत होती. ते ऐकून मुले घाबरणार नाहीत. कदाचित ती थोडा वेळ गप्प होतील.

त्या दुपारी मी बाहेर निघालो तेव्हा ऊन उतरले होते. किल्ल्यातून एक आगगाडी पुलाकडे चालली होती आणि तिच्या डब्यांचे आकडे खणखणत होते. पहारेकऱ्याने मला विचारले, "साहब, आपने कुछ सुना?" मी म्हणालो, "हो, ऐकले." त्याने मान डोलावली, त्याला वाटले मी भुताविषयी बोलतो आहे. मी मात्र काचेमागच्या त्या बटणांचा विचार करीत होतो. कोटाची बटणे. कोणीतरी ती कधीतरी, तुरुंगातील थंडीत, बोटांनी एकेक करून लावली असतील.

आजी म्हणे, देणे फिटले की भूत जाते. सलीमगडच्या भुतांचे देणे फार मोठे नाही. त्यांना कोणी घाबरावे अशी त्यांची अपेक्षा नसावी. त्यांना एवढेच हवे असेल की, कोणीतरी त्यांची नावे विचारावीत.